थंड होताना ‘टिक्’ वाजतं ते

माझं फॅब्रिकेशनचं दुकान वरूड तालुक्यातल्या एका गावात, रस्त्याला लागून आहे. आयटीआयचा वर्षभराचा वेल्डर ट्रेड करून बाहेर पडलो, तेव्हापासून पंधरा वर्षं हातात फक्त लोखंड. गेट, खिडक्या, ट्रॉलीचे हुक, रोटाव्हेटरच्या तुटक्या प्लेटा. अ‍ॅल्युमिनियमचं काही घेऊन कोणी आलं की मी हात जोडायचो आणि म्हणायचो, ‘नागपूरला न्या भाऊ.’

संत्र्याच्या पट्ट्यात अ‍ॅल्युमिनियम काही कमी नाही. फवारणीच्या एचटीपी पंपाची बॉडी, मोटरसायकलचं इंजिन कव्हर, दुधाच्या कॅन. काटोलमार्गे नागपूरला जाऊन यायला अख्खा दिवस मोडतो. तीनशे रुपयांच्या कामासाठी कोण जातो? लोक एमसील लावायचे, आठ दिवसांनी पुन्हा गळायचं, शेवटी भंगारवाल्याच्या पोत्यात. २०२४ च्या दिवाळीनंतर एकाच आठवड्यात पाच जण परत पाठवले, तेव्हा ठरवलं की टिग मशीन, म्हणजे आर्गॉन वायूच्या आडोशात टंगस्टनच्या टोकाने आर्क (ठिणगीची ज्योत) पाडून वेल्ड करणारं मशीन, घ्यायचं आणि शिकायचं. पुढचे अकरा महिने कसे गेले ते लिहितो आहे. लोखंड ज्यांना येतं पण अ‍ॅल्युमिनियमची धास्ती वाटते, त्यांना वाटेतले खड्डे आधी कळावेत एवढंच.

आधी कागद. जानेवारी २०२५ मध्ये उद्यम नोंदणी केली, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंद. ती ऑनलाइन होते, आधार लागतं आणि एक रुपयाही फी नाही. मला हे ठाऊक नव्हतं, म्हणून एका सेंटरवाल्याला चारशे रुपये देऊन बसलो. तुम्ही देऊ नका. मग मुद्रा योजनेतून कर्ज. पन्नास हजारांच्या वर आणि पाच लाखांपर्यंत ते ‘किशोर’ गटात बसतं, तारण मागत नाहीत. मी १ लाख २० हजार मागितले. पहिल्या खेपेला फाईल परत आली, कारण कोटेशनवर जीएसटी नंबर नव्हता. दुसऱ्या खेपेला नमुना आठ, म्हणजे जागेचा ग्रामपंचायतीचा उतारा, बाबांच्या नावावर निघाला, म्हणून त्यांचं संमतीपत्र हवं झालं. शंभरच्या स्टॅम्पचे दिवस गेले, आता पाचशेचा लागतो. बाबा म्हणाले, ‘पोराले जागा वापराले देतो हे लिहून द्याले पाचशे रुपये?’ तिसऱ्या खेपेला साहेब रजेवर. अर्ज दिला त्या दिवसापासून पैसे सुटेपर्यंत ५२ दिवस लागले आणि ते थेट डीलरच्या खात्यात गेले.

या ५२ दिवसांत विजेचा लोड वाढवायचा अर्ज टाकून ठेवला, ते बरं केलं. त्याला ओळखपत्र, नमुना आठ आणि लायसन्सवाल्या ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागला. मशीन आल्यावर अर्ज करू म्हटलं असतं तर मशीन महिनाभर खोक्यात पडून राहिलं असतं.

१२ एप्रिलला मशीन आलं. दोनशे अँपिअरचं एसी-डीसी, १८ टक्के जीएसटी धरून ८६ हजार. सिलिंडरचं डिपॉझिट ९ हजार, आर्गॉन भरायला साडेअकराशे, फ्लोमीटरसकट रेग्युलेटर २२००, करंट कमी-जास्त करायचं पायाचं पेडल साडेसहा हजार. पेडल परवडत नाही म्हणून मी आधी घेतलं नव्हतं. त्या कंजुषीची किंमत पुढे कळेलच. मशीन घेताना ‘टिग’ एवढं वाचून भुलू नका. स्वस्त टिग मशीन नुसतं डीसी असतं, त्यावर स्टील होतं, अ‍ॅल्युमिनियम होत नाही. अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा पापुद्रा असतो. आतला धातू ६६० अंशांना वितळतो आणि पापुद्रा २००० च्या वर, म्हणजे आत पाणी झालं तरी वरची साय फुटत नाही. एसीच्या अर्ध्या फेऱ्यात टंगस्टन पॉझिटिव्ह होतं तेव्हा ती साय फुटते. एसी हवंच.

सरावाला वरूडच्या एका सेक्शनवाल्याकडून स्लायडिंग खिडक्यांचे तुकडे आणले, भंगाराच्या भावात आठ किलो. ते बहुतेक ६०६३ नंबरचं मिश्रण असतं. यूट्यूबवर पाहून दोन तुकडे एकमेकांना भिडवले आणि रॉड (जोडात भरायची धातूची काडी) न देता नुसत्या आर्कने दोन्ही काठ वितळवून जोडले. स्टीलचा पातळ पत्रा असा मस्त जुळतो. इथेही लाइन अशी चकचकीत आली की मी बायकोला बोलावून दाखवली. ती पाहत असतानाच आवाज आला, टिक्. लाइनच्या बरोबर मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत केसाएवढी भेग. ती म्हणाली, ‘असंच असते का हे?’

पुढचे पाच आठवडे तो ‘टिक्’ माझ्या डोक्यात बसला. गॅस वाढवला, कमी केला. टंगस्टन बदललं. करंट वाढवून पाहिला. प्रत्येक वेळी वाटायचं आता जमलं आणि हेल्मेट वर करेपर्यंत टिक्. रॉड द्यायला लागलो तेव्हा मधली भेग कमी झाली, पण शेवटी, जिथे आर्क तोडतो तिथल्या खड्ड्यात चांदणीसारखी बारीक भेग उरायचीच. त्यातून मे महिना. पारा ४५ ला, शेडखाली त्याहून जास्त. कूलर लावला की वारा आर्गॉन उडवून नेतो आणि लाइन काळी, भोकाभोकांची होते. कूलर बंद केला की घाम हेल्मेटच्या काचेवर. मी गॅस मिनिटाला वीस लिटरपर्यंत वाढवून पाहिला. उलटंच झालं, कारण फार जोराने सोडलेला गॅस घुसळतो आणि बाहेरची हवा आत ओढतो. शेवटी पहाटे पाच ते साडेआठ ही वेळ ठरवली. कूलर बंद, गॅस नऊ-दहा लिटर. पहाटे व्होल्टेजही चांगलं मिळतं. संध्याकाळी १८० पर्यंत उतरायचं आणि मशीन ट्रिप व्हायचं.

सात घनमीटरचा सिलिंडर मिनिटाला दहा लिटरने सोडला तर साडेअकरा तास पुरतो. मी पहिले दोन सिलिंडर भेगा पाडण्यातच संपवले. त्या दिवसांत कर्जाचा हप्ता आणि ‘काय भाऊ, जमलं का?’ हा रस्त्यावरचा प्रश्न, दोन्हींची धास्ती सारखीच वाटायची. आपला हातच खराब आहे असं मला वाटायला लागलं होतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस पडायच्या आधी, नागपूरला गेलो. मावसभाऊ वाडीला राहतो. त्याच्या ओळखीचे एक मिस्त्रीकाका हिंगणा एमआयडीसीत जन्मभर टिगवर काम करून घरी बसलेले. तीन दिवस त्यांच्याकडे जायचं, दिवसाचे पाचशे, असं ठरलं. मी माझे फुटलेले तुकडे पिशवीत नेले होते. पहिलाच तुकडा त्यांनी हातात घेतला, उलटासुलटा केला आणि विचारलं, ‘काहून रे, रॉड घरी ठेवून वेल्ड मारला का?’

मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लिहितो. ‘तुह्या वावरात काळी माती आहे नं? तिले भेग कधी पडते? पाणी असते तेव्हा नाही पडत. सुकतानी पडते. काहून, तर ते आकसते अन् तिले आकसाले कोणी जागा देत नाही. हे बी तसंच हाय.’

त्यामागचा हिशेब असा. वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम घट्ट होताना त्याचं आकारमान सुमारे ६ टक्के कमी होतं, आणि तापल्यावर ते लोखंडाच्या जवळपास दुप्पट पसरतं, म्हणजे थंड होताना दुप्पट आकसतं. घट्ट होता होता एक वेळ अशी येते की दाणे जमलेले असतात आणि त्यांच्यामध्ये थोडंसंच पाणी, म्हणजे वितळलेला धातू, उरलेलं असतं. त्याच वेळी दोन्ही बाजूंनी ओढ लागली आणि फट भरायला पाणी पुरलं नाही, की फाटतं. सिलिकॉन अर्धा ते एक टक्क्याच्या आसपास असलं की ही नाजूक वेळ सगळ्यात वाईट असते. ६०६३ आणि ६०६१ मध्ये सिलिकॉन आणि मॅग्नेशियम नेमकं त्याच घरात बसतं. म्हणून या धातूला रॉडशिवाय जोडलं की हात कितीही चांगला असो, फुटणारच. ४०४३ च्या रॉडमध्ये ५ टक्के सिलिकॉन असतं. तो मिसळला की पाण्याची जातच बदलते, आणि ते मूळ धातूपेक्षा कमी तापमानापर्यंत पातळ राहत असल्यामुळे शेवटची फट भरून काढतं.

पाच आठवडे मी हाताला दोष देत होतो आणि चूक होती धातूच्या मिश्रणात. ते कळल्यावर जेवढं हलकं वाटलं तेवढं कर्ज मंजूर झालं तेव्हाही वाटलं नव्हतं.

पण नुसता रॉड दाखवून भागत नाही, तो पुरेसा आत जायला हवा. मी काठ घट्ट भिडवून वरून थोडा रॉड लावायचो, म्हणजे लाइनमध्ये बहुतेक धातू मूळचाच. काकांनी तीन मिलिच्या पट्टीचे काठ फ्लॅप डिस्कने तिरपे करायला लावले, मध्ये थोडी फट ठेवली आणि म्हणाले, ‘आता भर.’ करंट मिलिमीटरला साधारण चाळीस अँपिअर धरायचा, म्हणजे इथे १२०. लाइन वर किंचित फुगलेली हवी. कोपऱ्याच्या जोडात खोलगट, चमच्यासारखी लाइन दिसायला सुंदर असते, पण मधे पातळ पडते आणि तिथेच फाटते.

दुसरा अख्खा दिवस आर्क बंद कसा करायचा यात गेला. हसू नका. लोखंडात आपण शेवटाला आलो की रॉड उचलतो आणि पुढच्या कामाला लागतो. इथे एकदम आर्क तोडला की शेवटचा खड्डा चहूबाजूंनी एकाच वेळी गोठतो, मधे भरायला काही उरत नाही, आणि ती चांदणी पडते. तिथून सुरू झालेली भेग नंतर लाइनभर चालत जाते. काकांची पद्धत अशी: टोकाला आलं की दहा-पंधरा मिलि मागे, झालेल्या लाइनवर वळायचं, करंट हळूहळू उतरवत दोन-तीन थेंब रॉड जास्तीचा द्यायचा, खड्ड्याची टेकडी करायची, मग आर्क सोडायचा. सोडल्यावर टॉर्च (हातात धरायची वेल्डिंगची दांडी) उचलायची नाही. गॅस आठ-दहा सेकंद चालू राहतो तोवर तिथेच धरायची. पेडल नसेल तर मशीनचा डाऊनस्लोप (करंट आपोआप हळूहळू उतरवायची सोय) पाच सेकंदांवर ठेवून काम चालतं, पण पेडलने जो ताबा येतो तो त्यात नाही. परत येताना सीताबर्डीहून पेडल घेऊनच आलो.

तिसऱ्या दिवशी त्यांनी माझे क्लॅम्प काढून फेकले. मी तुकडे दोन्हीकडून आवळून धरायचो, वाकू नये म्हणून. काका म्हणाले, आवळशील तर फाडशील. एक बाजू मोकळी ठेव, आकसू दे, वाकलं तर मग सरळ कर. टॅक, म्हणजे तुकडे जागेवर धरून ठेवायचे टाके, बारीक, घाईचे नकोत. बारीक टॅकलाच भेग पडते आणि आपण तिच्यावरून लाइन ओढली की ती आत राहते. टॅक लांब मारायचे, त्यांची दोन्ही टोकं घासून उतरती करायची. लाइन मधून बाहेरच्या दिशेने न्यायची.

निघताना मी एक चकचकीत कडक प्लेट दाखवली, भंगारात मिळालेली, जिच्यावर ४०४३ ने सुद्धा भेगा थांबल्या नव्हत्या. त्यांनी बारीक शिक्का वाचला, ७०७५. ‘हिले बोल्ट मार.’ ७०७५ आणि २०२४ हे कडक प्रकार आर्कने जोडण्याच्या नादी लागू नये, एवढं लक्षात ठेवा. आणि ५०८३ सारख्या जास्त मॅग्नेशियमच्या प्लेटला ४०४३ चालत नाही, तिथे ५३५६ चा रॉड. मी आता दोन्ही रॉड ठेवतो, पत्र्याच्या दोन वेगळ्या डब्यांत, झाकण घट्ट लावून, कारण रॉड सुटे केल्यावर कोणता कोणता ते डोळ्याने ओळखू येत नाही.

घरी आलो आणि पाऊस लागला. भेगा थांबल्या होत्या, आता भोकं सुरू झाली. ओलावा आणि तेल यातला हायड्रोजन वितळलेल्या धातूत विरघळतो आणि गोठताना बुडबुडा होऊन अडकतो. उपाय साधा, पण क्रम महत्त्वाचा: आधी अ‍ॅसिटोनने तेल पुसायचं, पूर्ण वाळू द्यायचं, मगच स्टेनलेस स्टीलचा ब्रश. आधी ब्रश मारला तर तेल धातूत चोळलं जातं. तो ब्रश लोखंडाला कधीच लावायचा नाही. मी माझ्या ब्रशला लाल रंग दिला आहे आणि पोरांना दम. अ‍ॅसिटोनची बाटली आर्कपासून दूर. ब्रेक क्लीनरने मात्र पुसू नका, काहींमध्ये क्लोरीनवाले द्रव असतात आणि आर्कजवळ त्यांचा विषारी वायू होतो.

ऑगस्टपासून बाहेरची कामं घेतली. पहिलं एका दादाच्या गाडीचं इंजिन कव्हर. ओतीव धातू म्हणजे वेगळंच प्रकरण, तो वर्षानुवर्षं तेल पितो. कितीही पुसा, तापवलं की आतून काळं वर येतं. तीनदा तापवलं, तीनदा घासलं. भेगेच्या दोन्ही टोकांना तीन मिलिचं भोक पाडलं, नाहीतर उष्णता लागताच भेग पुढे धावते. मग भेग पूर्ण उकरून व्ही केला. भेगेवरून नुसता वेल्ड मारणं म्हणजे फाटक्या पोत्यावर कागद चिकटवणं. जाड कास्टिंग आधी गॅस बर्नरने शंभर-एकशेवीस अंशांपर्यंत तापवतो, म्हणजे वेल्डजवळचा आणि दूरचा भाग यात फार तफावत राहत नाही. इथे मी फसलो होतो. लेझरवाला थर्मामीटर चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर खरं तापमान दाखवत नाही, फार कमी दाखवतो. काळ्या मार्करने एक ठिपका काढा आणि त्यावर मोजा. वेल्ड झाला की कास्टिंग कोरड्या राखेत पुरून ठेवतो. पंख्याखाली नाही, पाणी तर मुळीच नाही.

एक काम मी घेत नाही. सप्टेंबरात एक जण संत्रा तोडायची अ‍ॅल्युमिनियमची घोडी घेऊन आला, पायरीचा जोड तुटलेला. त्याला म्हटलं, ‘भाऊ, हे मी नाही करत.’ तो रागावला. पण कडक केलेली ६०६१ जिथे ३१० मेगापास्कल ताण सोसते, तीच वेल्डच्या शेजारी १६५ च्या आसपास धरून चालावं लागतं. उष्णतेने तिचा कडकपणा उतरतो, रॉड कोणताही लावा. भेग पडली नाही तरी वाकेल, आणि वर माणूस असेल. रिव्हेट मारून पट्टी लावतो म्हटलं, तर दुसरीकडे गेला.

नोव्हेंबरात, आंबिया बहाराच्या संत्र्यांची तोड चालू असताना, बाजूच्या गावचे एक काका एचटीपी पंपाची बॉडी घेऊन आले. बॉडीला बोटभर भेग, वर एमसीलचे तीन थर. आधीच्या वर्षी मी त्यांनाच नागपूरला जायला सांगितलं होतं. एमसील उकरायलाच तास गेला. भोकं, व्ही, तापवणं, घासणं, दोन थर लाइन, शेवटाला मागे वळून टेकडी. हेल्मेट वर करून मी कान लावून बसलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. काही वाजलं नाही. मग राखेत.

सकाळी बाहेरून खडूचं पाणी फासून वाळवलं आणि आतून लाइनवर डिझेल लावलं. बारीकशी भेग असली तर अर्ध्या तासात पांढऱ्यावर ओला डाग उमटतो. रॉकेल मिळायचं तेव्हा रॉकेलने करायचे. काका तोवर बाकावर बसून चहा पीत होते. अर्धा तास झाला, खडू पांढराच. अजून पंधरा मिनिटं थांबलो.

चारशे सांगितले. ते म्हणाले, ‘एवढ्याशा रेघेचे चारशे? तीनशे घे.’ साडेतीनशेवर आलं. पंप मोटरसायकलला बांधताना त्यांनी डिकीतून एक पिशवी काढून माझ्या बाकावर ठेवली. घरी मोजली, संत्री बावीस होती.